हळदीच्या वेबसाइटवरचा बर्फ

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. घर साताऱ्याला, त्यामुळे आठवडाभर आत्याकडे राहायचं आणि शनिवारी एसटी धरायची. क्लासचे सर कुठल्याच कामाला नाही म्हणत नसत. हळदीच्या एका व्यापाऱ्याने वेबसाइट करता का म्हणून विचारलं, तर सरांनी त्यांना चहा पाजला आणि मला सांगितलं, "करून टाका." मी तोवर एकही वेबसाइट केलेली नव्हती. सरांनी बहुधा पाहिलेलीही नव्हती.

साइट झाली. शेठचा फोटो, गोदामाचा फोटो, हळकुंडांचा ढीग, माल जमिनीतल्या पेवांत, म्हणजे खोल कोठारांत, ठेवतो अशी एक ओळ आणि पत्ता. शेठ मॉनिटरसमोर बसून बराच वेळ बघत राहिले.

"आवं बाई, ह्यात काय हलत न्हाई."

मग मी हलणारं काहीतरी शोधायला लागले. इंटरनेटसाठी पुण्याला एसटीडी लावावी लागे, त्यामुळे बिलाच्या धास्तीने सर दारात उभे राहून माझं शोधणं बघत. एका परदेशी कंपनीने हवामान फुकट ठेवलं होतं. त्यांनी दिलेली जावास्क्रिप्टची ओळ आपल्या पानात चिकटवायची. कुणी पान उघडलं की त्यांच्या कॉम्प्युटरवरून तापमान आणि एक छोटं हलतं चित्र येऊन आपल्या पानात बसायचं. गावांच्या यादीत सांगली नव्हती. मी शेठना विचारलं, "पुण्याचं चालेल का?"

"चालंल की. सूर्य काय दोन हायत व्हय?"

मी यादीतला पुण्याचा क्रमांक घातला आणि वर सांगली लिहिलं. सूर्य फिरायला लागला. शेठनी पेढे आणले.

हिवाळ्यात हॉलंडहून एका मसालेवाल्याचा ई-मेल आला. साइट सुरू झाल्यापासूनचा पहिलाच. त्याने लिहिलं होतं, सांगलीत बर्फ पडतोय असं तुमच्या साइटवर दिसतं, माल सुखरूप आहे ना? आणि अशा बर्फात जमिनीखालची हळद टिकते कशी?

मी साइट उघडली. 'सांगली' या अक्षरांखाली शांतपणे बर्फ पडत होता. कंपनीने गावांचे क्रमांक बदलले होते आणि आमचा क्रमांक कुठल्या तरी थंड गावाला गेला होता. ई-मेल छापून मार्केट यार्डातल्या दुकानात गेले आणि शेठना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दाराबाहेर ऊन बघितलं.

"लिवा," ते म्हणाले. "आमच्याकडं बर्फ फकस्त उसाच्या रसात असतो."

मी इंग्रजीत तसंच लिहिलं. पुढे त्यांनी पेवांबद्दल सांगायला सुरुवात केली, ते थांबेनात. शेजारच्या हरिपूरची माती कशी, पाणी का झिरपत नाही, पेव उघडल्यावर आत माणूस उतरवण्याआधी दिवा सोडून हवा कशी बघतात. पेवाला इंग्रजी शब्द मला सापडला नाही, मी 'पेव' असाच ठेवला. पत्र इतकं लांबलं की हॉलंडवाल्याने उत्तरात आधी त्याबद्दल आभार मानले आणि मग नमुने मागवले.

मी क्रमांक दुरुस्त करायला बसले तर शेठ म्हणाले, "बर्फ ऱ्हाऊ द्या. सूर्य बघून कुणी कवा पत्र धाडलं न्हाई."

त्यामुळे त्या वर्षी सांगलीत होळीलाही बर्फ पडत होता.

उन्हाळ्यात एका सकाळी त्यांचा क्लासवर फोन आला. "बाई, आपली साइट उघडंना." मी बघितलं तर पान पांढरं. ती परदेशी कंपनी बंद पडली होती. आमचं पान मात्र तिच्या उत्तराची वाट बघत बसलं होतं, आणि ते येईपर्यंत त्या ओळीखालचं काहीच दाखवायला तयार नव्हतं. मी ती ओळ खोडली. शेठ, गोदाम, हळकुंडं, सगळं परत आलं. दुकानात जाऊन मी हे समजावलं.

"म्हंजी त्यांनी दुकान बंद केलं म्हून आपलं बंद?"

"हो."

शेठनी दाराबाहेर आभाळाकडे बघितलं. "मग हवामान आपुनच सांगू."

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी क्लासवर फोन करू लागले. "ऊन हाय." मी ते इंग्रजीत लिहून साइटवर चढवायची. "आभाळ आलंय, पर पडंल असं वाटत न्हाई." हेही चढवलं. हलणारं आता काहीच नव्हतं, पण त्यांनी त्याचा विषय पुन्हा काढला नाही. सरांनी एकदा विचारलं, हे शिकवण्याच्या वेळात बसतं का? मी म्हटलं, विद्यार्थ्यांना दाखवते. मग खरंच दाखवायला लागले. हॉलंडवाल्याने नमुने पसंत करून माल मागवला आणि पत्राच्या शेवटी विचारलं, परवा पाऊस पडणार नाही म्हणाला होतात, मग पडला का? शेठनी उत्तर कळवलं: पडला.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. माझ्या जागी आलेल्या शिक्षकांना रोजचा तो फोन घेणं जमलं नाही. मी पुण्याच्या ऑफिसातून कधीतरी साइट उघडायची. क्लासमधल्या माझ्या शेवटच्या सकाळचं हवामान इंग्रजीत तसंच होतं: वारा सुटलाय, यार्डात लय धूळ हाय.