दिवेलागणीनंतरचं दूध

चिंचवडला आमच्या घरमालकिणीकडे फ्रिज आला तेव्हा निम्मं गाव तो बघून गेलं. मालक ठेकेदार, कारखान्यांच्या बांधकामांची कामं घ्यायचे. त्यांनी तो मुंबईहून आणवला होता. बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल. आत गार पाणी आणि वरच्या कप्प्यात बर्फ, एवढाच त्याचा संसार. अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. त्या बर्फाच्या कप्प्यात माझं दूध ठेवायची वेळ येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी पिंपरीच्या एका औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात होते. मुलगा झाला, रजा संपली, कामावर रुजू झाले. घरी सासूबाई होत्या. त्यांनी पोराला गाईचं दूध पाजलं आणि त्याला जुलाब लागले. गवळी बदलला, दुधात पाणी घातलं, तरी तेच. पोराचं पार चिपाड झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला आईचंच दूध द्या, नाहीतर हे पोर हाती लागायचं नाही.

आमच्या यांचा तोडगा सोपा होता. नोकरी सोड. हे सांगायला त्यांना पेपरातून डोकं वर काढायचीसुद्धा गरज पडली नाही. त्या नोकरीसाठी मी या घरात किती भांडले होते, ते माझं मला ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनाच पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, कुणाकडे बर्फाची सोय असेल तर दूध काढून ठेव. बाटली उकळून घे, काठोकाठ भरू नको. गोठलेली बाटली विस्तवावर धरायची नाही, आधी गार आणि मग कोमट पाण्यात ठेवून हळूहळू पातळ करायची. एकदा पातळ झालेलं दूध पुन्हा बर्फात ठेवायचं नाही, आणि पोराने उष्टं टाकलेलं ओतून द्यायचं. मालकीणकाकूंना विचारलं तर त्या लगेच 'ठेव की' म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

पण तो तिथे टिकला नाही. पहिलीच बाटली सासूबाईंनी पातेल्यात ओतून उतू येईपर्यंत तापवली. का, तर कच्चं दूध लेकराला कसं पाजायचं? मी म्हटलं, अहो आत्याबाई, माझ्या अंगावर पितं ते काय तापवून पितं? त्यावर दोन दिवस अबोला. मग उरलेलं दूध वाटीखाली झाकून ठेवायला लागल्या, दूध टाकू नये म्हणून. तेही एकदाचं सुटलं. पोर अंगाने भरायला लागलं, आणि आता निभावलं असं वाटत होतं तोवर दसरा गेला.

दिवस लहान झाले, उकाडा मात्र तसाच. मी पाळी संपवून बसने घरी पोचेपर्यंत अंधार पडायला लागला. आणि आमचं पोर बरोबर तिन्हीसांजेला भुकेने उठायचं. एका संध्याकाळी सासूबाई बाटली आणायला अंगण ओलांडून गेल्या आणि हात हलवत परत आल्या. काकूंनी देवापुढे दिवा लावला होता. दिवा लागला की त्यांच्या घरातून दूध, दही, मीठ काही बाहेर जात नसे. घरची लक्ष्मी जाते.

मी आले तेव्हा पोर रडून रडून लालबुंद झालं होतं. त्याला पदराखाली घेतलं, आणि त्याचं पोट भरल्यावर तडक समोर गेले. म्हटलं, "काकू, ते दूध तुमचं नाही, माझं आहे."

"तुझंच हाय, पोरी," काकू शांतपणे म्हणाल्या. "पण जातं माझ्या उंबऱ्यावरनं."

खरा संताप आला तो यापुढे. माझ्या मागोमाग आलेल्या सासूबाईंनी मान डोलावली. त्यांनीही दिलं नसतं म्हणे. काकूंनी सुचवलं, पोराला इकडे आणून पाजा. त्यावर सासूबाई म्हणाल्या, तिन्हीसांजेला तान्हं पोर घराबाहेर काढत नाहीत. दोघींचं एकमेकींना तंतोतंत पटलं. दूध बाहेर येणार नाही, पोर बाहेर जाणार नाही, आणि मधे ते एवढंसं अंगण.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बाटली उजेडीच आणून ठेवली. नेमकं पोर उशिरा उठलं, आणि तोवर दुधाला वास यायला लागला. मी ते जास्वंदीच्या मुळाशी ओतलं, कारण कुणाच्या पायाखाली जाता कामा नये, हाही नियमच. मग मोरीत बसून रडले. दुःखाने नाही, निव्वळ संतापाने.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी बस वाटेत बंद पडली. चालत येताना मी मनाशी ठरवून टाकलं: आज पोर रडताना सापडलं तर उद्या साहेबांना सांगायचं, मी येत नाही. आणि काकूंना चार शब्द सुनवायचे, मग खोली सोडावी लागली तरी बेहत्तर.

अंगणात शिरले तर आमच्या खोलीत कंदील लागलेला, शेजारीपाजारी दिवे लागलेले, आणि मालकांचं घर काळोखात. मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. एवढ्यात मालकांचा वैतागलेला आवाज आला. अशा वेळी घर अंधारात ठेवतात का, लोक काय म्हणतील?

"लेकरू उठू द्या आदी," काकू म्हणाल्या. त्या उंबऱ्याच्या आत पाटावर बसल्या होत्या. देवाच्या दिव्याआधी त्या घरात विजेचा दिवाही लावू देत नसत.

तेवढ्यात माझं पोर रडलं. सासूबाई लगबगीने बाहेर आल्या, काकूंच्या घरात गेल्या आणि पदराखाली बाटली धरून परतल्या. त्या आमच्या दारात शिरल्यावर समोर काडी ओढल्याचा आवाज झाला आणि देवापुढचा दिवा लागला.

मी तिथेच उभी राहिले. मग भांडायला न जाता आमच्या खोलीकडे वळले. एवढं करण्यापेक्षा बाटली दिली असती तर काय बिघडलं असतं, असा राग तेव्हाही आला आणि आजही येतो. पण पोर भात खायला लागेपर्यंत रोज काकूंचा दिवा सगळ्यांच्या मागून लागला, आणि कामावर निघताना मी सासूबाईंना बजावून जायला लागले, की तिन्हीसांज झाली की पोराला हलवून उठवा, काकू अंधारात बसल्या असतील.