गुहेचं पांघरूण

आमच्या गावावरच्या डोंगरात बर्फाची एक गुहा आहे. आत निळा उजेड असतो आणि तो बघायला कुठून कुठून माणसं येतात. अलीकडे तर झुंबडच, कारण गुहा वितळत चालली आहे. आजाऱ्याला भेटून यावं तशी येतात आणि माझ्या तिकीटखिडकीशी वाकून हळूच विचारतात, "अजून आहे ना?" माझं डोकंच फिरतं. आहे म्हणून तर तिकीट देतेय ना!

या गुहेसाठी माझी मावशी पांघरूण शिवायची. थट्टा नाही करत. उन्हाळा लागला की गुहा चालवणाऱ्या कंपनीची माणसं गुहेच्या छतावरच्या बर्फावर जाड पांढरं कापड अंथरतात. त्याने ऊन अडतं आणि बर्फ जरा दमाने वितळतो. त्या कापडाचे पट्टे जोडायचं काम मावशीचं. बेकरीच्या वर तिची खोली होती. कापड खिडकीपासून दारापर्यंत पसरायचं, दारातून जिना उतरायचं, आणि त्यात ताज्या पावाचा वास मुरायचा. दिवेलागणीला त्या पांढऱ्या ढिगातून मावशीचं नुसतं डोकं दिसायचं. मशीन एका लयीत चालायचं, भिंती कुठे संपतात आणि कापड कुठे सुरू होतं ते कळेनासं व्हायचं, आणि बसल्या बसल्या मला डुलकी लागायची. तसली झोप मला पुन्हा कुठल्याच गादीवर लागली नाही.

मावशीने उभी हयात रजया शिवण्यात घालवली होती. पांघरूण घातलं की ऊब येते, हे तिच्या बोटांनाच ठाऊक होतं. कंपनीच्या साहेबांनी तिला समजावलं, मी चित्र काढून समजावलं. ती मान डोलवायची, पण ते तिला पटलं नव्हतं. एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "मी शिवायला लागल्यापासूनच तो बर्फ बारीक होत चाललाय ग. मीच त्याला उकडत असेन का?"

"मावशी, तुझी पण कमाल आहे," मी हसण्यावारी नेलं.

तिने नेलं नाही. दर उन्हाळ्यात ती दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर जरा जास्तच चढवून शिवायला लागली. शिवण भक्कम दिसायची, पण जोडलेलं कापड तेवढं तोकडं व्हायचं. बिचाऱ्याला थोडा तरी वारा लागावा, एवढाच तिचा हेतू. यातलं अक्षरही तिने तेव्हा मला सांगितलं नाही. आणि वर जाऊन गुहा बघायचा विषय निघाला की हिचा गुडघा दुखायला लागायचा. आम्ही तिला आळशी म्हणायचो. खरं तर तिला भीती वाटत होती. आपल्या हातून काय झालंय ते डोळ्यांनी बघायचं धाडस तिला होत नव्हतं.

यंदा छत पातळ झालं म्हणून कंपनीने गुहा बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी मावशीला ओढतच रोपवेच्या डब्यात बसवलं. ढग आले, खालचं गाव पुसलं गेलं, आणि थोडा वेळ आम्ही दोघी कुठेच नव्हतो. मावशीने माझा हात घट्ट धरला होता.

आत शिरलो आणि मावशीची चप्पल, पदर, पांढरे केस, सगळं निळं झालं. भिंतींतून पाणी ठिबकत होतं. फोटो काढणारी माणसंसुद्धा तिथे आपोआप हळू बोलत होती. मावशी भिंतीवरून हात फिरवत चालली होती, तापातल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला वाटलं, आम्ही असंच चालत राहावं आणि दुसरं टोक येऊच नये.

पण ते आलं. बाहेरच्या पायऱ्यांनी छतावर गेलो आणि मावशी जागच्या जागी थांबली. चहूकडचा उघडा बर्फ खचून चिखलाच्या रंगाचा झाला होता. तिच्या कापडाखालचा मात्र माणसापेक्षा उंच, ओट्यासारखा ताठ उभा होता.

"म्हणजे मी नाही ग!" ती लहान मुलीसारखी ओरडली. "मी नाही वितळवला त्याला! मी राखलाय!" ती हसत होती, रडत होती. मलाही रडू आवरेना.

मग ती कापडाच्या कडेकडेने चालत गेली, लेकराचं पांघरूण सारखं करत जावं तशी. पलीकडच्या टोकाला कापड खडकापर्यंत पोचत नव्हतं. तेवढ्या उघड्या फटीत बर्फ खाली बसला होता आणि छताला भगदाड पडलं होतं.

तिथे उभा असलेला, कापड अंथरणाऱ्यांचा मुकादम सहज म्हणाला, "इथूनच घात झाला. दर वर्षी कापड इथे कमी पडायचं. एवढी कड झाकली गेली असती तर आणखी काही उन्हाळे निघाले असते."

मावशीने त्याला शिवणीचं सगळं सांगितलं, खाली मान घालून. मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मुकादम भला माणूस. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, मावशी. आज ना उद्या तो जायचाच होता."

"जायचाच होता रे," मावशी म्हणाली. "पण उघडा नको होता जायला."