चष्मेवाल्यांचं भिंग

सुभेदारांच्या दुर्बिणीला डोळा लावायची मुभा गावात सगळ्यांना होती. हात लावायची मात्र सरपंचांनाही नव्हती. "हात पाठीमागं!" असा हुकूम सुटायचा आणि माझ्यासारखा पन्नाशीचा मास्तरही हात मागे बांधून मुकाट्याने वाकायचा. तोफखान्यात असताना टेकडीवर बसून गोळा कुठे पडला ते बघायचं, हे त्यांचं काम. एकदा नजर बसवली की दुर्बिणीचं नजर जुळवायचं चाक हलवायचं नाही, हा तिथला नियम. निवृत्तीनंतर औंधजवळच्या आमच्या गावी आल्यावर तो त्यांनी पाझर तलावावरच्या बगळ्यांनाही लावला.

दुर्बीण तशी छोटीच, एका डोळ्याने बघायची, तीन पायांच्या स्टँडवर बसवायची. रोज सकाळी ती खांद्याला अडकवून सुभेदार पुढे आणि चहाचा थर्मास घेऊन त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मागे, असे दोघं तळ्याकडे निघायचे. मुलगा शिरवळला कारखान्यात, महिन्याकाठी एकदा यायचा. मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहायचो, शाळा अकराची, त्यामुळे पुष्कळदा मीही मागून जायचो.

तळ्यावर सुभेदारांच्या तोंडाची टकळी सुरू व्हायची. "आला बघ शेकाट्या! पाय बघ कसं तांबडं, वाळल्या मिरचीवानी. आन त्यो पलीकडचा चमचा, पाण्यात चोच घालून न्हाई का डावीउजवीकडं फिरवत?" मग काकूंना बोलवायचे. काकू पदर सावरून, आपला जाड भिंगांचा चष्मा नीट बसवून वाकायच्या. "दिसला का?" "व्हय, दिसला की. लय ग्वाड हाय." पक्षी कुठलाही असो, काकूंना तो ग्वाडच दिसायचा.

मला मात्र कधी काही दिसलं नाही. चष्मा मध्ये आला की डोळा भिंगापासून लांब राहतो. मग बघावं तर बराचसा काळोख आणि मधोमध किल्लीच्या भोकाएवढं पाणी. चष्मा काढावा तर सगळं धूसर. चाक थोडं फिरवलं असतं तर काम झालं असतं, पण सुभेदारांशी हुज्जत कोण घालणार? मीही "वा, वा!" म्हणून बाजूला व्हायचो. काकूंचंही असंच होत असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतं, असंही म्हणता येईल. मी गप्प बसलो, एवढं खरं.

गेल्या साली काकू आठवडाभराच्या तापाने गेल्या. दिवसकार्य उरकून मुलगा परतला आणि दुसऱ्या दिवशी सुभेदार तळ्याकडे निघाले, थर्मासही स्वतःच घेऊन. मला राहवेना, म्हणून मीही गेलो. तिथे कितीतरी वेळ ते एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, चमचा आलाय. बघा." मी हात मागे बांधून वाकलो आणि सवयीने म्हणालो, "वा!"

"तोंड कुणीकडं हाय त्याचं?"

असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. थाप मारायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "सुभेदार, खरं सांगू? चष्म्यामुळं मला यातून कधीच काही दिसलं नाही."

ते माझ्या चष्म्याकडे बघत राहिले. "कारभारणीचा तुमच्यापेक्षा जाड व्हता," एवढंच म्हणाले आणि दुर्बीण आवरायला लागले.

त्याच आठवड्यात रविवारी आम्ही साताऱ्याला गेलो. डोळ्याकडचं भिंग, म्हणजे आयपीस, त्या दुर्बिणीला बदलता यायचा. दुकानदाराने उत्साहाने साठपट मोठं दाखवणारा काढला. "हा न्या काका, पक्ष्याची पिसं मोजाल."

"पिसं नगं मोजाय. चष्मा घालून कडंपतूर दिसल, असा द्या."

त्याने वीसपटीचा, रुंद भिंगाचा काढून दिला. चष्मेवाले हाच नेतात, म्हणाला. सुभेदारांनी खिशातून काकूंचा चष्मा काढला, स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि दुर्बीण समोरच्या इमारतीवर रोखून चाक फिरवत राहिले. फिरवता फिरवता थांबले.

"काका, हा चष्मा तुमचा दिसत नाही," दुकानदार म्हणाला.

"मंडळींचा हाय."

"मग त्यांनाच घेऊन यायचं की."

"आता कुठनं आणू?" सुभेदार म्हणाले. त्या बिचाऱ्याला काही उमगलं नाही, आणि मला तर तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर त्यांनी नवा आयपीस बसवला आणि म्हणाले, "चाक तुमीच फिरवा, सर." मी फिरवलं. पहिल्यांदाच पाणी काठापासून काठापर्यंत दिसलं. चमचा उजवीकडे तोंड करून उभा होता, चोचीवरून थेंब गळत होते. तसं मी सांगितलं.

सुभेदार बांधावर बसले. म्हणाले, "तिला ह्यातलं कायबी दिसत नव्हतं. मग अकरा वर्सं रोज माझ्यामागं कशाला येत व्हती वो?"

मी म्हटलं, "तुमची सोबत म्हणून."

"सोबत घरात व्हतीच की." ते पाण्याकडे बघत होते. "पर घरात मी तिच्यासंगं कवा बोललोच न्हाई, सर. बोलायचो त्ये हितंच."