ग्रुपवरचं सुतक

कोरोनाच्या काळात जबलपूरला लोक फोनवर काय बोलत होते, असं तुम्ही परवा विचारलंत. आमच्या एका ग्रुपपुरतं सांगते.

अधारतालमधल्या आम्हा मराठी बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळते. एकीच्या सासूबाई गेल्याच्या बातमीखाली कुणीतरी लगेच साबुदाणावड्यांचा फोटो टाकला, तेव्हा मी नियम केला: कुणाकडे सुतक आलं, घरात कुणी गेलं, की त्या दिवशी ग्रुपवर दुसरं काही टाकायचं नाही. सगळ्यांना तो पटला.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये त्याची फारशी गरज पडली नाही. कुकरमधले केक, काढे, कुणाचा नवरा भांडी कशी घासतो त्याचे व्हिडिओ, अशी धमाल चालली होती. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलात मात्र एकीचा दिवस संपायच्या आत दुसरीकडची बातमी येऊ लागली. जोडलेले हात, त्याखाली पुन्हा जोडलेले हात. मध्येच कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर विचारी, तेवढंच. काहीजणींनी ग्रुप उघडणंच सोडलं.

त्यातच शेजारच्या वहिनींना नातू झाला. मुलगा-सून पुण्याला, यांना जाता येईना. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून त्यांनी विचारलं, "ताई, फोटो टाकू का जी ग्रुपवर?"

"आज नको." मागच्या गल्लीतल्या काकूंचे यजमान त्याच पहाटे गेले होते. काकू स्वतः पॉझिटिव्ह, घरात एकट्या. आम्ही आळीपाळीने त्यांच्या फाटकावर डबा ठेवत होतो.

"मग उद्या?"

"उद्याचं उद्या पाहू."

"अन् उद्या पण कोणी गेलं तर? पोरगं कॉलेजात जाईल, तेव्हा टाकीन का? आजी झाली मी, अन् कोणाले सांगू? या भिंतीले?"

त्यांनी फोन उंच धरून फोटो दाखवला. एवढ्या लांबून मला दुपटं तेवढं दिसलं.

दुसऱ्या दिवशी डबा वहिनींच्या घरचा होता. तो मिळाल्याचं सांगायला काकूंनी त्यांना फोन केला आणि सहज विचारलं, "सुनेचे दिवस भरले होते ना गं?" वहिनींना खोटं बोलवेना.

थोड्या वेळाने काकूंचा ग्रुपवर मेसेज आला: "वहिनींना नातू झालाय आणि मला कुणी सांगितलं नाही. दिवसभर एका खोलीत असते. ग्रुप उघडला की त्यातही माझ्याच घरची बातमी. फोटो टाका."

वहिनी भिंतीपाशी आल्या. "टाकू?"

"टाका."

सगळ्यांत आधी काकूंनीच लिहिलं, "कान आजोबांचे घेतलेत. बाकी गोड आहे." मग नाव काय ठेवायचं यावर जुंपली. एकीने सुचवलेलं नाव तिच्याच दिराचं निघालं, तेव्हा बाकीच्यांनी तिला सोडलं नाही.

संध्याकाळी आणखी एक बातमी आली. बाळाच्या फोटोखाली जोडलेले हात दिसू लागले. वहिनींनी मला निरोप पाठवला, "फोटो काढून टाकू का?"

"राहू दे," मी कळवलं.