रेशमाची मागची बाजू

सासूबाईंना भेट म्हणून कतारमधल्या लुसैल शहरात चिनी हस्तकलेच्या दुकानात मी रेशमात विणलेलं करकोच्यांचं चित्र निवडलं. "हातमागाचं आहे हं," मी फोनवर नवऱ्याला सांगत होते. तेवढ्यात दाराशी आपल्या अरबी मॅडमच्या पिशव्या धरून उभा असलेला एक ड्रायव्हर पुढे आला. पिशव्या खाली ठेवून त्याने हात शर्टाला पुसले, चित्र उलटं केलं आणि मागच्या धाग्यांवरून हलकेच नख फिरवलं.

"ताई, हे मशीनचं हाये. हातचं असतं तर मागूनही असंच दिसलं असतं."

मी चाटच पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"येवल्याला पैठण्या विणायचो."

"यल्ला!" चल लवकर, अशी मॅडमने हाक मारली. तो पिशव्या उचलून निघून गेला.

घरी आल्या आल्या मी लग्नातली पैठणी काढली. पंधरा वर्षं हातमागाची म्हणून मिरवलेली. पदर उलटा केला. मोरांच्या मागे नुसते धागे लोंबत होते.