कमरेचं दुखणं आणि मोबाईलमधले डॉक्टर

विहिरीवरची मोटर उचलताना ह्यांच्या कमरेत कळ आली, तेव्हा हे हसले होते. फौजेत पाठीवर ओझी घेऊन डोंगर चढलेल्या माणसाला त्या मोटरीचं काय! पण दुसऱ्या दिवशी वाकून चप्पल घालता येईना. दवाखान्यात चला म्हटलं, तर ह्यांनी मोबाईल उघडला.

त्यात सल्ल्यांना तोटा नव्हता. एक जण गुडघे छातीशी ओढून कंबर ‘कट्’ वाजवायला सांगायचा. दुसरा म्हणायचा, अजिबात हलू नका, जमिनीवर पडून राहा. तिसऱ्याकडे तेल होतं. आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक जण रोज बजावायचा, दवाखान्यात गेलात की ऑपरेशन, आणि ऑपरेशन झालं की जन्माचं अंथरूण. ह्यांचा नेमका त्याच्यावरच विश्वास बसला. दुखणं कमरेतून पायात उतरलं, तरी हे जागचे हलेनात.

एके दिवशी दुपारी म्हणाले, “बघ, कळ कमी झाली. पर बसलो तरी बसल्यागत वाटत न्हाई. खालचं सगळं बधिर हाय.”

मला ते बरं वाटेना. स्वयंपाकघरात जाऊन मी माझ्या फोनवर तेच शब्द टाकले. आधी पुन्हा तीच तेलं, तेच व्यायाम. बऱ्याच खाली एक साधं पान सापडलं. ना फोटो, ना काही विकायला. बहुतेक कंबरदुखी आपोआप बरी होते, घाबरू नका, जमेल तसं चालत राहा, असं त्यात लिहिलं होतं. मला हायसं वाटलं. पण पुढे होतं: बसायची जागा बधिर झाली असेल, लघवी अडली असेल, पायातली ताकद जात असेल, तर थांबू नका. आजच मोठ्या दवाखान्यात जा.

मी बाहेर आले. “आवं, लघवीला कवा गेला होता?”

“तुला कशाला पायजे त्या चौकशा?”

“सांगा की.”

हे भिंतीकडे वळले. मग हळूच म्हणाले, “सकाळधरनं न्हाई. जोर लावला, पर होतच न्हाई.”

शेजारच्या भावजींनी गाडी काढली. ह्यांना दोघांनी धरून मागच्या सीटवर आडवं केलं, तेव्हा उजवं पाऊल लोंबकळत होतं. सांगलीच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक लागलेले. भावजी हॉर्न वाजवून दमले. हे म्हणत होते, “गाडी फिरवा. तितं गेलं की कापत्यात.” मी त्यांचा हात घट्ट धरला. मलाही तीच भीती होती. पान खोटं निघालं तर? आणि खरं निघालं तर?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलेले पहिले प्रश्न त्या पानातलेच होते. जवळजवळ त्याच शब्दांत. लगेच एमआरआय झाला. मणक्यातल्या सरकलेल्या गादीनं खालच्या सगळ्या नसा दाबल्या होत्या. “आजच ऑपरेशन करू,” बाई म्हणाल्या. “आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. आत्ताही किती भरून येईल, ते मी सांगू शकत नाही.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू काय म्हणतीस?”

“करायचं.”

ऑपरेशन नीट झालं, पण खरी वाट त्यानंतर बघायची होती. एकदा लघवीची नळी काढून बघितली, काही झालं नाही, परत घातली. ह्यांचं जेवणाचं ताट तसंच परत जायचं. फोन उशाशी पडून असायचा, त्याला हातही लावायचे नाहीत.

पुन्हा नळी काढली त्या सकाळी मी संडासाच्या दाराबाहेर उभी होते. आत बराच वेळ शांतता. मग बारीक आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

“अगं, झाली!” फौजेतला तो आवाज सगळ्या वॉर्डात घुमला. पलीकडची नर्स हसायला लागली. मी तिथंच भिंतीला टेकून रडले.