ब्राझीलची खुंटी

जानेवारीतल्या एका मंगळवारी माझे पती शाळेच्या मैदानावर भारताचा नकाशा काढत होते. रेघ गंगेच्या मुखापाशी आली तेव्हा ते खाली बसले. मुलांनी त्यांना उचलून व्हरांड्यात आणलं. मी नववीच्या वर्गात इतिहास शिकवत होते. कुणीतरी मला बोलावलं. मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि ते गेल्याचं सांगितलं.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाताना रस्त्याला लागून जी गावं आहेत त्यातल्या एका गावात ही शाळा आहे. ते दहावीला भूगोल शिकवायचे, मी इतिहास. बोर्डाला दोन्ही पेपर सामाजिक शास्त्रांत मोडतात, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत आमच्या संसारावर जे काही विनोद व्हायचे ते सगळे याच विषयावरचे असायचे.

दहावीच्या भूगोलात पहिल्यापासून शेवटपर्यंत भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी शेजारी चालतात. प्राकृतिक रचना, नद्या, हवामान, लोकसंख्या, वस्ती, सगळं दोघांचं. आमच्या गावातल्या ज्या मुलाने नागपूर पाहिलेलं नसतं त्यालाही ॲमेझॉनचं खोरं सांगावं लागतं. अभ्यासक्रम संपून उजळणी सुरू झाली की ते वर्गात बसत नसत. खेळाच्या खोलीतून फक्कीचं पोतं काढायचे, म्हणजे खो-खोचं मैदान आखायला वापरतात तो पांढरा चुना, आणि मैदानावर दोन्ही देश काढायचे. मग पुढचे काही आठवडे मुलं त्या नकाशावर उभी राहून भूगोल म्हणायची.

नकाशा काढायची त्यांची एक दोरी होती. सुताची, जाड, गाठी मारलेली. भारताच्या मधोमध खुंटी ठोकायची, दोरी तिला अडकवायची आणि गाठ मोजत मोजत फिरायचं. या गाठीवर द्वारका, या गाठीवर मुंबई, शेवटच्या गाठीवर कन्याकुमारी. ब्राझीलच्या गाठींना लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. वर्षभर ओढून ओढून गाठी सरकायच्या, म्हणून डिसेंबरात ते दोरी घरी आणायचे आणि अंगणात ताणून पुन्हा बांधायचे. एक टोक माझ्या हातात असायचं.

"घट्ट धर," म्हणायचे, "नाहीतर गुजरात आखडेल."

मैदानाच्या एका टोकाला पाण्याची टाकी आहे. ती उत्तर. काश्मीर टाकीकडे, कन्याकुमारी व्हरांड्याकडे. वर्षानुवर्षं मुलं असाच भूगोल शिकली, त्यामुळे आमच्या मुलांची एक खोड झाली होती. बोर्डाच्या परीक्षेला त्यांचं केंद्र दुसऱ्या शाळेत असतं. तिथे नकाशाचा प्रश्न आला की मुलं माना वळवून टाकी शोधत. एकदा त्या केंद्रावरचे एक शिक्षक माझ्या पतींना हसत म्हणाले होते, "सर, तुमची पोरं कॉपी नाही करत, पण खिडकीतून काय शोधतात ते एकदा सांगा." त्यांनी सांगितलं, "उत्तर दिशा."

वर्गात ते फारसे बोलत नसत, मैदानावर बोलत. "अरे, पाय उचल, बंगालच्या उपसागरात उभा आहेस, भिजशील." ब्राझीलचा अजस्र कडा शिकवताना एका मुलाला पुढे बोलवायचे. "तुझा मामा कुठला?" "खामगावचा." "मंग तू मामाकडे जाताना बोथ्याच्या घाटात पोटात गोळा येतो का नाही?" "येते सर." "तोच कडा. तू वर, मामा खाली. ब्राझीलमध्ये फक्त मामाच्या पुढे समुद्र आहे." आमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोनच प्रकारचे लोक असतात, त्यामुळे हे मुलांना लगेच कळायचं. आणि एखादं मूल रेघेवर पाय पडेल म्हणून अंग चोरून उभं राहिलं तर म्हणायचे, "ज्याला नकाशावर पाय द्यायची भीती वाटते त्यानं इतिहासाच्या मॅडमकडे जावं."

तेरावं झाल्यावर मी काही दिवस घरीच होते. मग मुख्याध्यापक आले. ते यांच्या बरोबरीचे, मला वहिनी म्हणतात. चहा निवून गेला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"वहिनी, भूगोलाला दुसरा माणूस परीक्षेआधी मिळत नाही. मी सगळीकडे विचारून पाह्यलं."

"मला भूगोल येत नाही, भाऊजी."

"पोरं त्यांच्याच हातची तयार झालेली आहेत. उजळणी तेवढी राहिली. तुम्ही नुसत्या समोर उभ्या राहा."

मी हो म्हटलं. मुलांचं वर्ष वाया जाऊ नये हे एक कारण होतं. दुसरं असं की त्यांचं एखादं काम अर्धं राहिलं आहे हे मला घरात बसून सहन होत नव्हतं.

पहिल्या दिवशी मैदानावर गेले तर भारत तसाच होता. काश्मीरपासून खाली पश्चिम किनारा, कन्याकुमारीचं टोक, वर पूर्व किनारा आणि गंगेच्या मुखापाशी थांबलेली रेघ. हिमालयाची बाजू उघडीच होती. सभोवती विटा लावलेल्या होत्या. शाळेचे शिपाई मागे येऊन उभे राहिले.

"मीच लावल्या, बाई. सरांच्या हातचं हाय. पोरं खेळता खेळता पुसून टाकतीन म्हणून."

मी त्या तशाच राहू दिल्या. मलाही त्या विटा हव्याच होत्या.

भारताची उजळणी मी व्हरांड्यातून घेतली, पुस्तक हातात धरून. मुलं विटांच्या बाहेर उभी राहिली. ब्राझील मात्र काढावा लागणार होता. शिपायांनी पोतं आणलं, मी दोरी आणली. गाठी मला पाठ होत्या, इतकी वर्षं दोरीचं दुसरं टोक मीच धरलं होतं. भारताच्या डावीकडे, यांच्या खुंटीच्या सरळ रेषेत मी खुंटी ठोकली आणि लाल चिंध्या मोजत फिरले. देश बरा उमटला. मग विषुववृत्त आखायचं होतं. भारत विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे एवढं मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून व्हरांड्याच्या बाजूने एक लांब रेघ ओढली. ती भारताच्याही खालून गेली आणि ब्राझीलच्याही.

मुलं बघत होती. मग त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

मी पुस्तकाच्या मागचे प्रश्न विचारत गेले. लोकसंख्या दाट कुठे, विरळ का. मुलं पटापट किनाऱ्याकडे जाऊन उभी राहिली. मग मी विचारलं, "डिसेंबरमध्ये ब्राझीलमध्ये कोणता ऋतू असतो?"

पुढची मुलगी म्हणाली, "हिवाळा, मॅडम." मागच्यांनीही तेच म्हटलं. मी मान डोलावली. उत्तर कानावर पडलं होतं, पण मी तेव्हा टाकीकडे बघत होते. त्या दिवसांत मी बरंच काही असं ऐकत असे.

शाळा सुटल्यावर मी हात धुवायला नळाकडे गेले. भिंतीपलीकडे दोन मुली बाटल्या भरत होत्या. त्यातली एक तीच, हिवाळा म्हणणारी. तिचे वडील बसस्टँडजवळ शिवणकाम करतात, दहावीत ती पहिल्या दोघा-तिघांत असते.

"काऊन वं, डिसेंबरात तिथं उन्हाळा असते, तुले माहीत नाही का?"

"माहीत हाय ना."

"मंग हिवाळा काऊन म्हणली?"

"मॅडमनं ब्राझील वर काढला ना. रेघेच्या वर असला म्हणजे हिवाळाच येते."

"अन् पेपरात?"

"पेपरात उन्हाळा लिहू. इथं हिवाळा म्हणू. त्याईले कायले दुखवाचं?"

"अन् तो मागचा पोट्टा? त्याले खरंच माहीत नाही. तो पेपरात बी हिवाळाच लिहीन."

बाटली भरून वाहत असल्याचा आवाज आला, मग नळ बंद झाला.

मी ओल्या हातांनी तिथेच उभी राहिले. जवळजवळ पूर्ण वर्गाला ब्राझील कुठे आहे ते माहीत होतं, आणि पूर्ण वर्ग माझ्यासाठी तो चुकीच्या जागी ठेवायला तयार होता. ते मला शिक्षिका समजून उभे राहत नव्हते. घरी भेटायला येणाऱ्या बायका जशा बसतात, हळू बोलत, पायऱ्या न वाजवता, तसे ते माझ्या तासाला येत होते. आणि मागच्या ओळीतला एक जण खरोखरच चूक शिकत होता.

घरी दोरी पसरून बघितली. भारताचा आकार तिच्यात होता, ब्राझीलचाही होता. पण दुसरी खुंटी पहिलीपासून किती दूर आणि किती खाली ठोकायची याची गाठ कुठेच नव्हती. ती त्यांनी कधी मारली नाही. त्यांना ती लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वर्ग मैदानावर नेला आणि विचारलं, "ब्राझील कुठे चुकला, कोण सांगेल?"

सगळे खाली बघत होते. शिवणकामवाल्यांच्या मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सर असते तर काय म्हणाले असते?"

मग मधल्या ओळीतून एक मुलगा म्हणाला, "सर म्हणले असते, अरे, हा देश उचला अन् उन्हात ठेवा."

वर्ग हसला आणि एकदम थांबला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही हसले होते, ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यानंतर सगळे एकदम बोलायला लागले. विषुववृत्त ब्राझीलच्या डोक्यावरून जाते, मॅडम. भारताच्या खालून अन् ब्राझीलच्या डोक्यावरून, रेघ एकच. सर दरवर्षी खुंटी तिकडं ठोकत होते, सायकली लावतो त्या लिंबाच्या समोर. नाही बे, लिंबाच्या अलीकडं. मुलांनी पायांनी माझा ब्राझील पुसला. खुंटी उपटली, भांडून भांडून जागा ठरवली, आणि त्या मुलीने ती ठोकली. मी दोरीचं टोक धरलं.

नवा ब्राझील झाल्यावर मुलं थांबली. आता दोन्ही देशांची तुलना घ्यायची होती, म्हणजे अर्धा वर्ग इकडे आणि अर्धा तिकडे. कुणी विटांच्या आत जाईना.

त्या विटांच्या आत जे होतं ते यांच्या हातचं शेवटचं होतं. फोटो होते, कपडे होते, चष्मा होता, पण ते सगळं आधीचं होतं. ही रेघ मात्र त्या दिवशीची होती. रोज सकाळी शाळेत आल्यावर मी आधी ती बघायचे. दवाने ती फिकट होत होती आणि तरी होती. आणि मुलं तिच्यावर उभी राहिल्याशिवाय त्यांची उजळणी होणार नव्हती, हेही मला दिसत होतं. भारत पुस्तकातून शिकवल्याला आठवडा झाला होता, आणि मागच्या ओळीला गंगेचं मैदान आणि दख्खनचं पठार अजून सांगता येत नव्हतं.

मी शिपायांना म्हटलं, "विटा काढा."

"बाई…"

"काढा."

त्यांनी एक एक वीट उचलून भिंतीशी रचली. तरी मुलं हलली नाहीत. एकाने चपला काढून बाजूला ठेवल्या. त्याचं पाहून बाकीचेही काढायला लागले.

"चपला घाला," मी म्हटलं. "सराट्याचे काटे आहेत."

तेव्हा तोच मघाचा मुलगा हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "चाल बे. ज्याले नकाशावर पाय द्यायची भीती वाटते त्यानं इतिहासाच्या…" आणि मी समोर असल्याचं लक्षात येऊन त्याचे कान लाल झाले.

"पुढचं म्हण," मी म्हटलं.

"मॅडमकडे जावं," तो म्हणाला.

मग मुलं आत गेली. हिमालयाची रेघ काढलेली नव्हती, म्हणून उंच मुलं तिथे ओळीने उभी राहिली. मी लोकसंख्येचा प्रश्न विचारला तेव्हा निम्मा वर्ग धावत गंगेच्या मैदानात शिरला, धक्काबुक्की झाली, एक जण राजस्थानात एकटाच उरला आणि ओरडला, "इथं या ना कोणीतरी." धूळ उठली. ती बसली तेव्हा पूर्व किनारा गेला होता. गंगेच्या मुखापाशी पावलांचे ठसे होते. कोकणाची बाजू काही दिवस टिकली, मग तीही गेली. आम्ही रोज फक्की टाकत होतो, त्यामुळे कुठली रेघ कुणाची हे फेब्रुवारीत कुणालाच सांगता आलं नसतं.

भूगोलाचा पेपर शेवटचा होता. मी केंद्राच्या फाटकाशी जाऊन थांबले. पेपर संपल्यावर मुलं आरडाओरडा करत बाहेर आली, मला पाहून सावरली. ज्याला खरंच माहीत नव्हतं तो मागच्या ओळीतला मुलगा लांबूनच म्हणाला, "मॅडम, उन्हाळा लिहिला." ती मुलगी शेवटी आली.

"नकाशा आला का?" मी विचारलं.

"आला ना. पण त्या शाळेत टाकीच दिसत नाही, मॅडम. दुसऱ्या बाजूच्या खोलीत नंबर होता."

"मग?"

"मंग डोळे मिटले अन् आपली टाकी ठेवली समोर."

एवढं सांगून ती मैत्रिणींच्या मागे गेली.

आता शाळेत भूगोलाला नवे शिक्षक आले आहेत. पावसाने मैदान धुऊन निघालं आहे, तिथे गवत आहे. दोरी आमच्या घरी खुंटीला टांगलेली आहे. तिच्यात भारताच्या गाठी आहेत आणि लाल चिंध्यांच्या ब्राझीलच्या गाठी आहेत. ब्राझीलची खुंटी कुठे ठोकायची ते मला माहीत आहे.